आधी टिक, मग रेघ

त्यांच्या गाडीतून उतरायची घाई करून चालत नसे. गाडी बिल्डिंगखाली लागली, हँडब्रेक ओढला, तरी इंजिन चालूच राही. आणि साहेब दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत एकोणतीसचा पाढा म्हणू लागत. आधी सरळ, मग उलटा. उलटे येत येत पुन्हा एकोणतीसला पोचले की किल्ली फिरवायची. तोवर दार उघडायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी नवस असेल.

"अगं, टर्बो आहे," ते म्हणाले. "पळवून आणली की आत लालबुंद तापलेलं असतंय. लगेच बंद केली तर तेल जागच्या जागी करपतंय. धाप लागलेल्या माणसाला आल्या आल्या झोपवतेस का तू? जरा दम खाऊ देतेस ना? मग हिनंच काय घोडं मारलंय?"

मागच्या सीटवर काकू. पुढे बसलं की पोटात गोळा येतो म्हणून त्या कायम मागे बसत. "बाकीच्या बायकांना सवतीची भीती, मला ह्या टर्बोची," त्या म्हणत. "दूध तापवायचं राहिलंय माझं, आन् हे पाढे काय म्हणायलाव?"

आमची ओळख कंपनीतली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग जोडणारी एक कंपनी होती, तिथे ते क्वालिटीला होते आणि मी असेंब्लीची शिफ्ट इन्चार्ज. म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. माझं काम माल पुढे ढकलायचा, त्यांचं काम तो अडवायचा. पण राहायला दोघंही संत तुकाराम नगरला, एकाच गल्लीत, त्यामुळे कंपनीची बस एकच. रोज जाता-येता शेजारी बसून माणूस किती दिवस भांडणार? हळूहळू मी त्यांच्या घरी जायला लागले. त्यांच्या बायकोला काकू म्हणायचे, त्या हिशेबाने ते काका व्हायला हवे होते. पण माझ्या तोंडी शेवटपर्यंत साहेबच राहिलं.

मूळचे लातूरकडचे. पन्नाशी उलटलेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. शर्टाच्या खिशात कायम पिवळा पेंट-मार्कर, त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या खिशाखाली पिवळे डाग. घरातल्या वजनकाट्यावर, थर्मामीटरवर, भिंतीवरच्या घड्याळावर त्यांनी तपासणीच्या तारखेचे स्टिकर लावले होते. घरातली एखादी वस्तू बिघडली की तिला कंपनीसारखा लाल टॅग बांधायचे. मिक्सरला बांधलेला टॅग महिना झाला तरी निघेना, तेव्हा काकूंनी तो सोडवून त्यांच्याच शर्टाच्या मागच्या बाजूला अडकवला. साहेब तसेच बसस्टॉपवर आले, तसेच बसमध्ये चढले आणि चाकणपर्यंत कुणी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही. कळल्यावर म्हणाले, "टॅग बरोबरच आहे. मिक्सर दुरुस्त करायचा कोण विसरलं? मीच की."

आता त्या पिवळ्या मार्करबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. आमच्याकडे प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळतात. ठरलेला दाब आला की तो पाना 'टिक' असा आवाज करतो. टिक आला की बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत पिवळी रेघ ओढायची. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, हा आवळलेला आहे. एवढं सोपं. पण शिफ्ट संपत आली आणि आकडा गाठायचा राहिला, की पोरी काय करत? एका भागाच्या सहाच्या सहा बोल्टवर आधी भराभर रेघा ओढून घेत आणि मग आवळत बसत. दोन-चार सेकंद वाचत. बहुतेक वेळा काही बिघडत नसे.

एकदा बिघडलं. साहेबांनी भरलेल्या ट्रकमधून एक पेटी उतरवायला लावली आणि रेघ असलेला एक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. ट्रक गेटवर अडवून ठेवला. मी तावातावाने भांडायला गेले, एका बोल्टसाठी अख्खा ट्रक अडवणार का म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्या मुलीच्या हातून ते झालं होतं ती रडत होती, तिला म्हणाले, "रडू नको. बोल्ट सैल राहिला, ती चूक. चूक माणसाकडून व्हायचीच. पण सैल बोल्टवर रेघ असली की ते खोटं झालं. पुढचा माणूस रेघ बघतो बाळा, बोल्ट बघत नाही."

तिला मेमो दिला नाही. मला मात्र केबिनमध्ये नेऊन अर्धा तास सुनावलं. दुसऱ्या दिवशी मी लाईनच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: आधी टिक, मग रेघ. त्यानंतर नवीन मुलगी आली की तिला पाटीखाली उभं करून हे चार शब्द म्हणायला लावणारी मीच. मला त्याचा अभिमान होता.

गाडी त्यांनी घेतली ती तळवड्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्या पोराकडून. तो परदेशी चालला होता. दिसायला चार चाकांची डबी, बॉनेटखाली मात्र टर्बो इंजिन. त्यात पोराने गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, सायलेन्सर असा की गल्लीतली कुत्री पळावीत. साहेबांनी जमिनीवर पोतं अंथरलं, गाडीखाली शिरले आणि तीन तास तिथेच. मी कागदावर टिपणं घेत होते. पोरगं शेवटी वैतागलं. "काका, गाडी घेताय का मुलगी बघताय?"

"मुलगी बघायला अर्धा तास लागला होता," साहेब खालूनच म्हणाले. काकू तिथेच उभ्या होत्या. परत येताना त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

घेतल्या घेतल्या त्यांनी सायलेन्सर कंपनीचा बसवला, गाडी मूळच्या उंचीवर आणली, काचेवरची इंग्रजी अक्षरं खरवडून काढली. मी म्हटलं, साहेब, मग मजा काय राहिली? "गाडी पळते हे मला माहीत आहे, तिला माहीत आहे. गल्लीला कशाला सांगायचं?"

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. सहा दिवस गाडी कापडाखाली झाकलेली, कामाला जायला बस. गुरुवारी सकाळी मात्र टायरची हवा स्वतःच्या गेजने तपासून स्वारी निघायची. चाकण, राजगुरुनगर, तिथून डावीकडे धरणाच्या अंगाने भीमाशंकरचा रस्ता. वाटेत कुठे घाई नाही, कुणाच्या मागे हॉर्न नाही. पण त्या रस्त्यावर एक लांब चढणीचं वळण होतं. तिथे आले की ते गिअर खाली टाकत, क्षणभर काहीच होत नसे, आणि मग मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखी गाडी सुटायची. वळण संपेपर्यंत साहेबांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राही. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं सुख. त्यासाठी साठ किलोमीटर जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. मी गाडी चालवायला शिकले ती त्या रस्त्यावर. क्लच जरा जास्त दाबला तरी ते छातीवर हात ठेवत.

आणि गाडीला हात लावायचा तो त्यांनीच. पिंपरीत एक मेकॅनिक होता, त्याच्याकडे ऑइल बदलायला नेली तरी साहेब दुकानासमोर बसून प्रत्येक बोल्ट पुन्हा आपल्या पान्याने तपासत. मेकॅनिक म्हणायचा, "साहेब, आपल्यावर भरोसाच नाय राव तुमचा." ते शांतपणे म्हणत, "स्वतःवर तरी कुठे आहे?" आणि खरंच, स्वतः आवळलेला बोल्टही ते एकदा सोडून पुन्हा आवळत.

त्या गुरुवारी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे होते. साहेबांचा उजवा खांदा धरला होता, हात वर जाईना. उजवं चाक त्यांनी कसंबसं केलं आणि म्हणाले, "डावं तू कर. मी बघत नाही." ब्रेकच्या भागाला दोन बोल्ट, एक वर, एक खाली. नियमाने दरवेळी नवे घालायचे असतात, पण नव्या पॅडबरोबर ते आले नव्हते. साहेबांनी जुनेच पुसून, भिंगाखाली धरून बघितले आणि म्हणाले, "चालतंय अजून."

मी दोन्ही बोल्ट हाताने बसवले. वरचा आवळला. टिक आला. मार्कर दुसऱ्या हातात होताच. मी वरच्यावर रेघ ओढली आणि त्याच झटक्यात खालच्यावरही ओढली. आता खालचा आवळायचा, एवढ्यात फोन वाजला. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांनी लाईन उघडली होती आणि एक भाग कुठे बसतो ते त्यांना कळेना. मी पाना खाली ठेवला, उठून कोपऱ्यापर्यंत गेले, दहा मिनिटं त्यांच्यावर ओरडले, परत आले. बघते तर दोन बोल्ट, दोन रेघा. काम झालेलं.

साहेब आले. खाली वाकले, बॅटरी मारून बघितलं. सवयीने त्यांचा हात पान्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. माझ्याकडे बघून हसले. "तुझी रेघ आहे. ती काय तपासायची?"

मला इतका आनंद झाला होता त्या वाक्याचा. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पुढच्या गुरुवारी ते दोघं मोशीला भाच्याच्या वास्तुशांतीला निघाले. वाटेत डाव्या चाकातून खडखड ऐकू आली. साहेब गाडी कडेला घेत होते, तेवढ्यात काहीतरी चाकात अडकलं आणि गाडी फिरून दुभाजकावर गेली. वेग फार नव्हता. साहेबांना खरचटलंही नाही. काकूंनी पुढच्या सीटला हात लावून स्वतःला सावरायला बघितलं आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घालून बसवावं लागलं. हाड जुळलं, पण मनगट पुन्हा पुरतं वळलं नाही. भाकरी थापणारा हात तो.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा साहेब व्हरांड्यात बाकावर बसले होते. खालचा बोल्ट गायब होता, एवढं त्यांनी रस्त्यावरच गुडघ्यावर बसून बघितलं होतं. मला जवळ बसवलं आणि विचारलं, "खालच्याला टिक आला होता ना गं?"

आवाजात संशय नव्हता. फॉर्ममधली एक जागा भरायची राहिली की विचारतात, तसं विचारलं. आणि त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. एका झटक्यात ओढलेल्या दोन रेघा, जमिनीवर ठेवलेला पाना, फोन.

"हो," मी म्हणाले. "आला होता."

त्यांनी मान डोलावली. बस्स. पुन्हा कधी विचारलं नाही. माझा 'हो' त्यांनी रेघेसारखा घेतला.

कंपनीत काही बिघडलं की आम्ही 'का, का' असं पाचदा विचारत मुळापर्यंत जातो आणि कागदावर लिहितो. साहेबांनी घरी तसाच कागद लिहिला. गाडी का फिरली? ब्रेक सुटला. ब्रेक का सुटला? बोल्ट पडला. बोल्ट का पडला? जुना होता. जुना का घातला? नवा आणायला थांबलो नाही. का थांबलो नाही? गुरुवार वाया गेला असता. खाली लिहिलं, जबाबदार: स्वतः. आणि कागद फ्रीजच्या दारावर लावला. काकू फ्रीज उघडायला गेल्या की तो कागद डोळ्यांसमोर, आणि दार उघडायला तो हात.

मी का नाही सांगितलं? पहिले काही दिवस भीती होती. पाटीखाली पोरींना उभं करणारी मी, माझ्याच हातून हे झालं म्हणून कंपनीत कोणत्या तोंडाने फिरणार? मग काकूंचं प्लास्टर निघालं की सांगू असं ठरवलं. मग दिवाळी झाली की. मग ते खोटं इतकं जुनं झालं की ते मोडणंच अवघड होऊन बसलं. भ्याड होते मी, दुसरा शब्द नाही.

गाडी त्यांनी दुरुस्त करून, चकचकीत करून विकली. नेणाऱ्याला पाढ्याचं सांगितलं, तो नुसता हसला. कंपनीत मात्र साहेब बिघडत गेले. स्वतःच्या नजरेवरचा विश्वासच उडाला होता. एकच पेटी चार-चारदा तपासायचे, सही करायला पेन टेकवायचे आणि उचलायचे. माल अडकायला लागला. वरच्यांनी त्यांना नोंदींच्या खोलीत बसवलं, आणि सहा महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ज्यांच्या पेट्या त्यांनी आयुष्यभर उतरवल्या ते सगळे चांगलं बोलले. मी काही बोलू शकले नाही. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

लग्नानंतर मी मोशीला राहायला गेले, पण सणावारी जायचे. एकदा त्यांना डोळे दाखवायला माझ्या गाडीतून नेलं. माझी साधी गाडी, वळणावर कण्हणारी. साहेब मान तिरकी करून इंजिन ऐकत होते. "बरी ठेवली आहेस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, ओशाळल्यासारखे: "रस्ता मोकळा आहे. दुसऱ्या गिअरवर जरा ओढ की." मी ओढलं. गाडी कुरकुरली, थोडी पळाली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते, तेवढ्यात दवाखाना आला.

गेल्या थंडीत ते गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत संपलं.

दिवस झाल्यावर महिन्याभराने मी काकूंकडे गेले. सकाळची वेळ होती, त्या खाली बसून डाव्या हाताने मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. बोल्ट जुना होता म्हणून पडला नाही, मी तो आवळलाच नव्हता. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्यांची काही चूक नव्हती.

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. हाकलून देतील, म्हणजे तरी बरं वाटेल. त्यांनी हातातली काडी परातीत ठेवली.

"गाडी इकल्यावर दोनदा इचारलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "तुला म्हाईत नसंल. पहिल्यांदा म्हणले, लहानशी घेऊ एखादी, तुला गावाकडं न्यायला बरी. मी हा हात त्यांच्या तोंडापुढं धरला. उठून आत गेले. दुसऱ्यांदा तर कुणाची तरी गाडी बघूनच आले होते. लई खुशीत होते, दारातूनच सांगाय लागले. मी म्हणलं, एक हात शाबूत राहिलाय अजून, तेवढा बी मोडून टाका. तर हसले. 'बरोबर आहे तुझं,' म्हणले आन् हातपाय धुवाय गेले. त्याच्यापुढं कधी नाव काढलं न्हाई गाडीचं."

"काकू, माझं चुकलं—"

"तुझं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. "मी त्यांना म्हणले ते माघारी कसं घेऊ, ते सांग."